कानानं लिहिलेला बाप

पिरंगुटच्या एका प्रेस-शॉपमध्ये मी सव्वीस वर्षं नोकरी केली. तिथे माझी दोन गोष्टींसाठी ख्याती होती. एक म्हणजे, डाय, म्हणजे प्रेसचा साचा, तडकायच्या आधी मला ती ऐकू यायची. पत्र्यावर प्रेस आदळताना जो आवाज होतो, त्यात केसाएवढा फरक पडला की मी हातातला चहा खाली ठेवून सुपरवायझरला सांगायचो, चार नंबर बंद करा. पहिल्या दोन वेळा त्याने मला शिव्या घातल्या. तिसऱ्या वेळेपासून तो मुकाट्याने मशीन बंद करू लागला.

दुसरी ख्याती अशी की, बढती म्हणून मला एकदा तपासणीच्या टेबलावर बसवलं. तिथे काम सोपं होतं. समोरून येणारा माल बघायचा, पोचा किंवा ओरखडा दिसला की तो नग बाजूला काढायचा. पंधरा दिवसांत मी इतका पोचे पडलेला माल पास करून पाठवला की गिऱ्हाइकाने अख्खी गाडी परत पाठवली. सुपरवायझर म्हणाला, “ह्याला देवानं डोळे फक्त चष्मा अडकवायला दिलेत.” सगळे हसले, मीही हसलो. कंपनीच्या खर्चाने डोळे तपासून झाले. नंबर किरकोळ निघाला. डोळे ठणठणीत होते, मीच बघत नव्हतो. मला परत मशीनवर पाठवलं आणि मला बरं वाटलं.

तेव्हा मी गोष्टी लिहायला लागलो होतो. दिवाळी अंकांत छापून यायच्या. पुढे दोन पुस्तकं झाली. लोक म्हणायचे, तुमची माणसं अगदी बोलतात हो. ते खरं होतं. मी माणसाला कानात घेतो. कोण वाक्य अर्धवट सोडतो, कोण ‘नाही’ म्हणायच्या आधी नाकातून श्वास टाकतो, खोटं बोलताना कुणाचा आवाज जरा जास्तच प्रेमळ होतो, हे मला आपोआप कळतं आणि वर्षानुवर्षं जसंच्या तसं राहतं. पंचवीस वर्षांपूर्वीचं कॅन्टीनमधलं भांडण मी आज तुम्हाला दोन्ही बाजूंनी म्हणून दाखवीन. भांडणारे दिसायला कसे होते, हे मात्र विचारू नका.

एका वयस्कर संपादकबाईंनी हे बरोबर ओळखलं होतं. माझी गोष्ट परत करताना त्या फोनवर म्हणाल्या, “अहो, तुमची माणसं अंधारात बसून बोलतात. जरा दिवा लावा की.” मी त्यांना हसत ‘हो’ म्हणालो आणि मनातून फुगलो. मला वाटलं, त्यांना माझी शैली कळली नाही. तरी दिवा लावायचा प्रयत्न केलाच. म्हणजे काय केलं, तर दिसेल त्या पात्राला एक तरतरीत नाक चिकटवलं. पाटील तरतरीत नाकाचा, मास्तर तरतरीत नाकाचा, चहावाल्याची पोरसुद्धा तरतरीत नाकाची. बायको प्रूफं वाचताना म्हणाली, “तुझ्या गावात नाकांचं रेशन असावं. सगळ्यांना एकच मिळालंय.” मी सगळी नाकं काढून टाकली आणि पुन्हा अंधार केला. तोच बरा वाटला.

माझं घर खरं म्हणजे डोळ्यांनी जगणाऱ्यांचं. आम्ही मेंढरंवाले. कोळवणच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या कुशीत आमची वस्ती. थोडी भातखाचरं, बाकी मेंढरं आणि शेळ्या. वडिलांना अक्षरओळख नव्हती, पण कळपातलं प्रत्येक मेंढरू ते तोंडावरून ओळखायचे. शहरातल्या माणसाला मेंढ्या सगळ्या सारख्या दिसतात, आणि खरं सांगायचं तर मलाही तशाच दिसायच्या. मी ओरडण्यावरून ओळखायचो. अमकी मेंढी ओरडताना शेवटाला आवाज चढवते, तमकीचा घसा बसलेला असतो. माझं चुकायचं नाही, फक्त त्यासाठी मेंढीनं ओरडावं लागायचं. गप्प चरणाऱ्या कळपासमोर मी आंधळा होतो. वडील वैतागायचे. म्हणायचे, “तोंडाकडं बग की रं. मेंढी वासानं पिल्लू वळखती, ती जनावर हाय. तुला डोळं दिल्यात.”

जनावर हरवलं की आमच्यात एक रीत असते. वाटेत भेटेल त्या मेंढरंवाल्याला जनावराची खूण सांगायची. तो पुढे भेटेल त्याला सांगतो, तो आणखी पुढे. दोन दिवसांत खूण चार डोंगर ओलांडून जाते. कुणी तिच्यात आपल्या पदरचं घालत नाही, कुणी काही गाळत नाही. आणि वडिलांचा एक नियम होता. खूण सांगताना रडायचं नाही, आणि जनावर किती गुणाचं होतं हेही सांगायचं नाही. कानाचा काप कुठल्या बाजूला, ठिपका कुठे, शिंग कसं वळलंय, बास. “गुन आपल्यापाशी,” ते म्हणायचे, “लोकास्नी खूण द्यायची.”

मी दहा-अकरा वर्षांचा असताना एक पाठ, म्हणजे तरणी शेळी, हरवली. वडील एका वाटेने गेले, मला दुसऱ्या वाटेने बाजाराकडे पाठवलं. बाजारात मी तीन-चार म्हाताऱ्या मेंढरंवाल्यांना गाठून सांगितलं की ती थंडी वाजल्यासारखी ओरडते, आधी बारीक आणि मग एकदम वर. मी तसं ओरडूनही दाखवलं. ते पोट धरून हसले. एकाने मला शेवेचा पुडा घेऊन दिला आणि पुन्हा ओरडायला लावलं. मी खुशीत घरी आलो. पाठ वडिलांच्या खुणेवरून सापडली होती. रात्री जेवताना त्यांनी विचारलं, तू काय सांगितलंस? मी सांगितलं. त्यांनी भाकरी मोडता मोडता मान हलवली. मला मात्र शेवेच्या पुड्याचा अभिमान वाटत होता.

खालची जमीन विकली गेली. तिथे पुण्याच्या एका डॉक्टरांचं फार्महाऊस आहे. मेंढरं गेली, दहा-बारा शेळ्या राहिल्या. मी भूगावात फ्लॅट घेतला. त्यानंतर वडिलांचं विसरणं सुरू झालं. आधी वार विसरले, मग नातवाचं नाव, मग जेवलो की नाही ते. दोनदा ते शेळ्या हाकत भलत्या वस्तीवर गेले. डॉक्टरांनी औषधं लिहून दिली आणि लक्ष ठेवा म्हणाले. शेळ्यांसाठी आई वस्तीवरच राहिली. वडिलांना मी भूगावला घेऊन आलो, दोन महिन्यांपुरतं म्हणून; झाले सहा.

गंमत अशी की नावं गेली तरी त्यांचे डोळे शाबूत होते. गॅलरीत बसून ते सोसायटीतली माणसं बघायचे. मी तिथे सात वर्षं राहतोय, मला समोरच्या दारातला माणूस लिफ्टमध्ये ओळखू येत नाही. वडिलांनी आठवड्यात सगळी सोसायटी ओळखीची केली. “त्यो बग, आज दाढी न्हाई केली.” “ही बाई काल रडली हाय.” “ह्या पोरानं चप्पल कुनाची घातली?” मी म्हणायचो, “कोण, अण्णा?” ते बोट दाखवायचे. मी बघेपर्यंत माणूस निघून गेलेला असायचा.

मी नोकरी सोडून लिहायला बसलो होतो आणि माझ्या हाती घबाड लागलं होतं. वडिलांचं बोलणं. रोज सकाळी त्यांना चहा द्यायचा, मोबाइल टेबलावर ठेवायचा, रेकॉर्डिंग चालू करायचं आणि विचारायचं, अण्णा, त्या दुष्काळात आपण कुठं कुठं गेलो होतो? ते बोलायला लागायचे. एकाच गोष्टीत तीन गोष्टी मिसळायच्या, मेलेली माणसं जिवंत व्हायची, मधेच हेल बदलायचा. मी दुपारी ते ऐकून लिहून काढायचो. प्रकाशकाला पहिली चाळीस पानं पाठवली, तेव्हा तो म्हणाला, हे तुमचं सगळ्यात चांगलं पुस्तक होणार. मलाही तसंच वाटत होतं. बाप विसरत चालला होता आणि मला मजकूर मिळत होता. मी सुखात होतो, हे लपवून काय उपयोग?

त्या दिवशी सकाळी बायको नऊला ऑफिसला गेली. साडेदहाच्या सुमारास मी टेबलाशी होतो, पाठ दाराकडे. वडील मागून म्हणाले, “आलू रं जरा जाऊन.” मी म्हणालो, “हं.” ते म्हणाले, “लिव, लिव.” मग दाराची कडी वाजली. त्या ‘लिव, लिव’ मधला दुसरा ‘लिव’ पहिल्यापेक्षा लांब होता आणि त्यात थोडी चेष्टा होती. हे मी आजही सांगू शकतो. ते रोज खाली एक चक्कर मारून यायचे, वॉचमनच्या खुर्चीत बसायचे. मी मागे वळून बघितलं नाही. वाक्य अर्धं राहिलं होतं.

साडेअकराला मी खाली गेलो. वॉचमन नवा होता. म्हणाला, “बाबाजी तो रोज निकलते हैं, साब.” कुठल्या बाजूला गेले ते त्याला ठाऊक नव्हतं. गेटवरचा कॅमेरा महिनाभर बंद होता. रस्त्याला लागलो. चांदणी चौकाच्या बाजूला गेलो, मग उलटा फिरून पिरंगुटपर्यंत. बांधकामावरचे मजूर, पाणीपुरीवाला, सिटी बसचे कंडक्टर, दिसेल त्याला विचारलं. प्रत्येकाने साधा प्रश्न केला, दिसायला कसे आहेत? मी म्हणायचो, म्हातारे आहेत. तो म्हणायचा, बरं, आणि?

संध्याकाळी पोलीस चौकीत गेलो. हवालदार चांगला माणूस होता. त्याने फॉर्म पुढे ओढला. उंची? माझ्या कानापर्यंत असावी, म्हणालो. वर्ण? सावळा. म्हणजे निमगोरा की काळा? सावळाच. नाक? मी गप्प. चेहऱ्यावर काही व्रण, तीळ? आठवत नाही. डोक्यावर केस? पटका असतो. आज होता का? माहीत नाही. अंगात काय होतं? सदरा असावा. त्याने पेन खाली ठेवलं. “साहेब, तुम्ही एकाच घरात राहता ना?” त्याच्या आवाजात टोमणा नव्हता, खरोखरचं आश्चर्य होतं. मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

कपड्यांचं कोडं बायकोने सोडवलं. ऑफिसातून धावत आली, सरळ गॅलरीत गेली. पांढरा सदरा दोरीवर होता, रेघांचा खुंटीला होता. म्हणजे अंगात निळा. पटका पलंगावर होता, म्हणजे डोकं उघडं. दोन मिनिटांत तिने सांगितलं आणि म्हणाली, “हे आत्ता लिहून सगळीकडे पाठव. निळा सदरा, धोतर, उघडं डोकं. फोटो जोड.”

फोटो हा आणखी एक प्रकार. माझ्या मोबाइलमध्ये वडिलांचा आवाज तासन् तास होता, फोटो एकही नव्हता. आधार कार्डावरचा मिळाला, आणि आधार कार्डावरच्या फोटोत माणूस स्वतःला ओळखत नाही तिथे दुसरा काय ओळखणार? तोच जोडला आणि मजकूर लिहायला बसलो.

आता जे लिहितो ते मी बायकोलाही सांगितलेलं नाही. मी मजकूर लिहिला, त्यात पहिल्या ओळीत निळा सदरा होता. वाचून बघितलं तर ती ओळ मेल्यासारखी वाटत होती. सरकारी. माझे वडील असे नव्हते. मी दुसरी ओळ लिहिली. ते कुणालाही भेटले की आधी ‘पावनं, गाव कंचं?’ असं विचारतात. मग ते चालताना जनावरांशी बोलल्यासारखे जिभेने टक् टक् करतात असं लिहिलं. मग त्यांना तुमचं नाव आठवणार नाही, पण तुम्ही काल रडला होता हे ते सांगतील, असं लिहिलं. मजकूर जिवंत झाला. पुन्हा वाचला. आता त्या निळ्या सदऱ्याशी आल्यावर लय तुटत होती, म्हणून मी तो काढून टाकला. धोतरही गेलं, उघडं डोकंही गेलं. बाप घराबाहेर कुठेतरी भटकत होता आणि मी वाक्य घासूनपुसून घेत होतो. त्यात माझी वीस मिनिटं गेली असतील. मग पाठवून दिलं.

तो मेसेज खूप फिरला. रात्रीपर्यंत मला तो दहा जणांकडून परत आला. लोकांनी हात जोडले होते, फुलं पाठवली होती. साहित्याच्या ग्रुपवर एकाने लिहिलं, सर, डोळ्यांत पाणी आलं. दुसऱ्याने लिहिलं, शेवटची ओळ तर कमाल. एका बाईंनी एका कार्यक्रमात तो वाचून दाखवायची परवानगी मागितली. वडील कुठे दिसले, हे मात्र कुणीच लिहिलं नाही. बायकोने सकाळी मेसेज वाचला आणि विचारलं, “सदरा कुठे गेला?” मी म्हणालो, “घाईत राहिला.” ती माझ्याकडे बघत राहिली. मी कान मिटू शकत नाही, पण डोळे खाली घालता येतात. ते मी केलं.

पुढचे दोन दिवस मी रस्त्यावर काढले. तिसऱ्या दिवशी वस्तीवर जाऊन आईला सांगितलं. म्हणजे सांगायला लागलंच, तिच्या कानावर आधीच गेलं होतं. ती रडली नाही. तिने शेळ्यांना पाला टाकला, हात धुतले, माझ्यासमोर बसली आणि म्हणाली, “लिव.”

ती सांगत गेली आणि मी लिहीत गेलो. डाव्या भुवईत मधोमध केस नाहीत, लहानपणी बैलानं मारलं होतं. उजव्या हाताचं करंगळीशेजारचं बोट सरळ होत नाही. खालचे पुढचे दोन दात नाहीत. मान जरा उजवीकडे टाकून बघतात. बसताना आधी डावा गुडघा टेकतात. कानाच्या पाळीवर काळा तीळ, मोहरीएवढा. “कंच्या कानाच्या?” मी विचारलं. ती थांबली आणि म्हणाली, “तुला ठावं न्हाई?” मग म्हणाली, “डाव्या.” मी बावन्न वर्षांचा होतो. माझ्या बापाच्या कानाला तीळ आहे, हे मला तेव्हा कळलं. त्याच कानाशी तोंड नेऊन मी सहा महिने ‘अण्णा, जरा मोठ्यानं बोला’ म्हणत होतो.

दुसरा मेसेज गेला, आईने सांगितला तसा. निळ्या सदऱ्यासकट. त्याच संध्याकाळी कोळवणच्या एका जीपवाल्याचा फोन आला. म्हणाला, हा म्हातारा मी बघितलाय, परवा दिवशी, माले गावाच्या पुढं रस्त्याच्या कडंला बसला होता, निळा सदरा, डोकं उघडं, मान वाकडी करून गाड्या बघत होता. मी ओरडलोच, “मग कळवलं का नाही? मेसेज मिळाला नव्हता?”

“मिळाला व्हता की. दोनदा वाचला,” तो म्हणाला. “लई ग्वाड लिवलंय. पर त्यातला म्हातारा बोलतुया, इचारतुया, टकटक करतुया. मी बगितला त्यो गप बसला व्हता. मला कसं कळायचं?”

त्याचं बरोबरच होतं. वडील बहुधा घरी जायला निघाले असावेत आणि पौडला उतरायचं सोडून बसमध्येच पुढे गेले असावेत. मालेपासून ताम्हिणी घाटापर्यंत आम्ही दोन्ही बाजू पालथ्या घातल्या. वस्तीवरची पोरं दरीत उतरली, धरणाच्या कडेकडेने फिरली. भातखाचरं, हॉटेलांची पार्किंगं, फार्महाऊसच्या भिंती, काही सोडलं नाही. घाटात एका वडेवाल्याने सांगितलं की असा एक म्हातारा होता, दोन दिवस इथेच बसायचा, मी वडा दिला, आज सकाळपासून दिसला नाही. दोन दिवस. माझा मेसेज ज्या दोन दिवसांत लोक वाखाणत होते, ते दोन दिवस.

कान आणि डोळा यांत चार बोटांचं अंतर, असं आपल्याकडे म्हणतात. ऐकलेल्यावर विश्वास ठेवू नये, बघितलेल्यावर ठेवावा, असा त्याचा अर्थ. मी आयुष्यभर त्या म्हणीला हसत आलो होतो. माझं सगळं नाव, जे काय थोडंफार आहे ते, चार बोटं अलीकडचं, कानाकडचं होतं. लेखकाला एखादी गोष्ट चांगली जमते म्हणजे काय होतं, याचा मी तेव्हा खूप विचार केला. मला वाटतं, त्याला जे जमतं ते तो सगळीकडे वापरत सुटतो, जिथे नको तिथेही. आणि जे जमत नाही त्याला तो ‘माझी शैली’ म्हणतो. कुणी हटकलं तर त्यालाच अडाणी ठरवतो. संपादकबाईंनी दिवा लावा म्हटलं होतं ते गोष्टीसाठी. मला घरातसुद्धा दिवा लावता आला नव्हता.

पुस्तकाची दोनशे पानं तयार आहेत. ती काढून वाचली. प्रत्येक पानावर वडील बोलतात, आणि काय बोलतात! पण त्या दोनशे पानांवरून त्यांना बाजारात ओळखता येईल अशी एक ओळ नाही. प्रकाशकाने चार महिन्यांनी हळूच विचारलं. म्हणाला, शेवटी हे सगळं आलं तर पुस्तक वेगळ्याच उंचीवर जाईल. मी फोन ठेवून दिला. मग बसून डोळ्यांनी लिहायचा प्रयत्न केला. भुवई, बोट, दात, तीळ. आईची यादी उतरवून काढली, पण तिच्यामागे चेहरा येईना. डोळे मिटले की आवाज यायचा, तोंड यायचं नाही. आधार कार्डावरचा तो कुणीतरी माणूस तेवढा यायचा.

आठ महिन्यांनी घाटाखालून, कोकणातल्या एका आश्रमातून फोन आला. रस्त्यावर सापडलेल्या वृद्धांना ते ठेवून घेतात. म्हणाले, एक गृहस्थ आहेत, बोलत नाहीत, डाव्या भुवईवर खूण आहे, तुमचा जुना मेसेज कुणीतरी दाखवला. त्यांनी फोटो पाठवला. उवा झाल्या म्हणून डोकं तासलेलं, मिशा काढलेल्या. बायकोला पाठवला. ती म्हणाली, “मला सांगता येत नाही. गाल वेगळे वाटतात. आपण आधी आईंना दाखवू.” आईकडे साधा मोबाइल, तिला दाखवायचं म्हणजे वस्तीवर जायचं. माझ्याच्याने थांबवेना. मी निघालो.

ते खाटेवर बसले होते. खूप वाळलेले. डाव्या भुवईत खोक पडून केस गेले होते. हाताची सगळीच बोटं वाकडी झाली होती, त्यात ते एक होतंच. समोरचे दात नव्हते, पण त्या वयात कुणाला असतात? डाव्या कानाच्या पाळीवर काळं काहीतरी होतं. मी ‘अण्णा’ म्हणून हाक मारली. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, अण्णा, बोला ना काहीतरी. ते बोलले नाहीत. मी त्यांचा हात हातात घेतला, त्यांनी घेऊ दिला. बऱ्याच वेळाने ते एकदा खाकरले, आणि मी कान टवकारले, आणि मला वाटलं, हेच. किती महिन्यांनी मला रडू आलं. मी बाहेर जाऊन आईला फोन लावला आणि म्हणालो, “सापडले.”

आई आणि बायको जीप करून आल्या. यायला त्यांना तीन तास लागले. तेवढा वेळ मी अण्णांजवळ बसून होतो. त्यांना घरचं सगळं सांगत होतो, शेळ्या किती झाल्या, कुणाला मुलगा झाला. पाय चेपून दिले. माफी मागितली. त्या निळ्या सदऱ्याची गोष्ट मी जन्मात पहिल्यांदा बोलून दाखवली ती त्यांना. ते ऐकत होते, किंवा मला तसं वाटलं.

आईच्या हातात बोचकं होतं, नवा सदरा, धोतर, पटका, आणि फडक्यात बांधलेली भाकरी. ती दारातून आत आली, तीन खाटा अलीकडेच थांबली आणि म्हणाली, “ह्यो न्हाई.”

मी म्हणालो, “आई, जवळ ये, नीट बघ. भुवई बघ, तीळ बघ.”

“काय बगू? ह्यो न्हाई.” तिने खुणा ताडून बघायचा विषयच ठेवला नाही. जवळ आली, त्या माणसाच्या कानाच्या पाळीवर अंगठा फिरवला, तर ते काळं पुसलं गेलं. मळ होता. मग खाटेच्या कडेला बसून तिने फडकं सोडलं आणि त्या कुणाच्यातरी बापाला भाकरी चुरून भरवली. पटका तेवढा परत बोचक्यात बांधला. सदरा, धोतर तिथेच ठेवलं.

येताना जीपमध्ये ती पुढे बसली. घाट चढून झाल्यावर मान न वळवता म्हणाली, “किती येळ बसला व्हतास त्याच्यापाशी?”

“तीन तास.”

पौडहून वस्तीकडे वळायचं असतं. तिथे तिने जीप थांबवली नाही. त्या रात्री ती आमच्याकडेच राहिली.

सकाळी मी आत टेबलाशी बसलो होतो. कागद समोर होते, लिहीत नव्हतो. स्वयंपाकघरात बायको पोळ्या लाटत होती आणि आई तिच्याशी बोलत होती. मला ऐकू जाऊ नये म्हणून तिने आवाज अगदी खाली आणला होता.

“फोन आला का आदी मला कळव. मंग रात आसू दे न्हाई तर दिस. पर त्याला धाडू नगंस, बाई. त्यो कुनालाबी बाप म्हनून घिऊन यील.”

बायकोने लाटणं थांबवलं. मग म्हणाली, “बरं.”